नर्सरीच्या वर्गात भाजीबाजार, बस आणि दवाखाना: खेळ मांडायचा कसा

तुमचा प्रश्न मी असा समजले: नाशिकमध्ये नर्सरीचा वर्ग, २८ मुलं, तुम्ही आणि एक मदतनीस ताई. ‘आपल्या आजूबाजूची ठिकाणं’ हा महिन्याचा विषय. तक्ता लावला, चित्रकार्डं दाखवली, मुलं ‘पोस्ट ऑफिस’, ‘बँक’, ‘हॉस्पिटल’ खणखणीत आवाजात म्हणतात, पण ‘तिथे काय करतात?’ असं विचारलं की गप्प. वर्गखोली एकच, सहलीला परवानगी नाही, आणि पालक विचारतात की वहीत काय केलं. अशात खेळातून शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मुलं गप्प बसतात, कारण ती नावं त्यांच्यासाठी नुसते आवाज आहेत. तक्त्यावरची बँक आणि तक्त्यावरचं पोस्ट ऑफिस दिसायला सारखंच असतं: भिंती, दार, वर पाटी. पाटी वाचता न येणाऱ्या मुलाला त्यात फरक कुठून दिसणार? त्याच मुलाला विचारा, ‘आई भाजीवाल्या मावशीकडे काय करते?’ तो लगेच पिशवी पुढे केल्यासारखा हात करून दाखवेल. तीन-साडेतीन वर्षांचं मूल ठिकाण ओळखतं ते तिथे चालणाऱ्या कामावरून. कोण येतं, काय मागतं, काय देतं, काय घेऊन परत जातं, हा क्रम त्याच्या अंगात बसला की ठिकाण त्याला कळलं. म्हणून खेळ मांडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: या कोपऱ्यात मुलाच्या हातातून काय जाणार आणि त्याच्या हातात काय येणार? याचं उत्तर नसेल तर कितीही सुंदर सजावट केली तरी तो दुसरा तक्ताच.

काही गोष्टी तुमच्या वर्गावर अवलंबून आहेत. पहिली म्हणजे वय. नर्सरीत तीन वर्षं नुकतीच पूर्ण झालेली आणि पावणेचारची मुलं शेजारीशेजारी बसतात आणि त्यांच्यात मोठा फरक असतो. जुडी डेलोश या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९८७ सालचा एक प्रयोग इथे उपयोगाचा आहे. खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत एक खेळणं लपवताना मुलांना दाखवलं आणि खऱ्या खोलीत त्याच जागी तसंच खेळणं शोधायला सांगितलं. तीन वर्षं ओलांडलेल्या बहुतेक मुलांना ते जमलं, अडीच वर्षांच्या मुलांना जमलं नाही. म्हणजे छोटी वस्तू ही मोठ्या जागेची खूण आहे, हे नातं याच वयात उमलत असतं. म्हणून खोक्यांचं छोटं गाव, जमिनीवर आखलेले रस्ते, त्यावर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या हे सगळं दिवाळीनंतर घ्या. जून ते दिवाळी मूल स्वतः आत शिरेल, बसेल, उचलेल अशाच मापाचे खेळ ठेवा.

दुसरी गोष्ट घरची. काही मुलं रोज आजीबरोबर भाजीला जातात, काहींच्या घरी भाजी मोबाइलवरून येते. घरची भाषाही वेगवेगळी असणार: अहिराणी, कोकणा, हिंदी, गुजराती. बटाट्याला कुणी ‘आलू’ म्हटलं तर चूक दुरुस्त करायला जाऊ नका. गिऱ्हाईक व्हा आणि म्हणा, ‘हो, तेच. बटाटे द्या मला पाव किलो.’ शब्द कानावर पडतो, मूल दुखावत नाही आणि खेळही थांबत नाही.

ठिकाणं कमी घ्या. महिन्यात आठ ठिकाणं झाली तर मुलाला प्रत्येकाचा फक्त पहिला दिवस मिळतो आणि पहिल्या दिवशी मुलं वस्तू चाचपण्यापलीकडे फारसं काही करत नाहीत. खरा खेळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतो. एक कोपरा तीन आठवडे राहू द्या. वरून आलेल्या नियोजनात आठ नावं असली तर बाकीची सकाळच्या गप्पांत उरका. माझा आग्रह भाजीबाजारापासून सुरुवात करण्याचा आहे, कारण तिथली देवाणघेवाण डोळ्यांना दिसते, सामान स्वस्त आहे आणि जवळपास प्रत्येक घराचा त्याच्याशी संबंध आहे.

दोन भिंतींचा कोपरा निवडा, साधारण दोन मीटर बाय दोन मीटर. म्हणजे येण्याची बाजू आपोआप एकच राहते. खाली गोणपाट, त्यावर पाच पाट्या किंवा टोपल्या. भाजी खरी हवी. प्लास्टिकची कोबी आणि प्लास्टिकची ढोबळी मिरची हातात घेतली तर वजन सारखंच, वास नाही, साल निघत नाही. मग तोलायचं काय आणि निवडायचं काय? पाच जणांच्या गटाला पाच प्रकार, प्रत्येकी चार ते सहा नग पुरतात: कांदे, बटाटे, गाजरं, लिंबं, आणि एखादा दुधी किंवा नवलकोल. कांदा-बटाटा आठवडाभर टिकतो, गाजरं दोन-तीन दिवसांनी बदला. मेथीची जुडी एका दिवसाचीच. ती खेळून झाली की त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून निवडायची, तीन वर्षांच्या बोटांना तो उत्तम व्यायाम आहे. उरलेली भाजी धुऊन खिचडीत घाला किंवा घरी पाठवा. अन्न खेळून फेकून दिलेलं मुलांना दिसता कामा नये.

काय आणायचं नाही, तेही ठरवून टाका. हिरवी मिरची नको, हात डोळ्याला जातो. अळू आणि सुरण नको, खाज सुटते. वांगी हवी असतील तर काटेरी देठ आधीच कापून टाका. मटाराचे दाणे, शेंगदाणे, चिंचोके, कडधान्य या कोपऱ्यात नकोच, कारण या वयात दाणा नाकात किंवा कानात घालून पाहिला जातोच. साधा नियम असा की साधारण ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती मुलाच्या घशात अडकू शकते, ती बाहेर ठेवा. सोडा-बाटल्यांची झाकणं ‘पैसे’ म्हणून बरेच जण देतात. त्यातली बरीच या मापात बसतात आणि कडाही बोचऱ्या असतात. त्यापेक्षा जाड पुठ्ठ्याच्या पाच सेंटिमीटरच्या गोल चकत्या कापा. कागदी नोटा दहा मिनिटांत चुरगळून जातात.

पहिल्या आठवड्यात ताजवा आणूच नका. बाजारात भाजी वाट्यानं विकतात ना, तसे वाटे लावायचे. एका वाट्यात तीन कांदे, एका वाट्याला एक चकती. वाटा लावणं हे या वयाचं खरं गणित आहे: एक, दोन, तीन, आणि पुन्हा शेजारी एक, दोन, तीन. कुणी एका वाट्यात चार आणि दुसऱ्यात दोन ठेवले तर गिऱ्हाईकच कुरकुरतं, ‘मला कमी दिले!’ तुम्हाला काही सांगावं लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात ताजवा. लाकडी हँगर, दोन सारख्या छोट्या प्लास्टिकच्या चाळण्या आणि सुतळी, एवढ्यात होतो. प्रत्येक चाळणीला समान अंतरावर तीन ठिकाणी सुमारे ४० सेंटिमीटरची सुतळी बांधा आणि तिन्ही टोकं वर एकत्र गाठा. गुळगुळीत हँगरवरून ही गाठ घसरते आणि मग एका बाजूची दांडी लांब, दुसरीची आखूड होते. सारखं वजन ठेवूनही एक पारडं खाली जातं. म्हणून मधल्या आकड्यापासून दोन्हीकडे मोजून समान अंतरावर करवतीनं खाच पाडा आणि गाठ खाचेत बसवा. तरीही रिकामं असताना एक बाजू झुकत असेल तर हलक्या बाजूला मातीच्या गोळ्याचा पासंग लावा. ताजवा खुर्चीच्या पाठीला टांगू नका, मुलं पारडं खाली ओढतात आणि खुर्ची अंगावर येते. भिंतीतला पक्का खिळा किंवा खिडकीचा गज बरा. पारडी मुलांच्या कमरेच्या उंचीवर आली पाहिजेत. वजनं म्हणून कोरड्या वाळूच्या, दुहेरी शिवण घातलेल्या दोन पिशव्या करा, पाव किलोची आणि अर्ध्या किलोची. मुलांना किलो कळणार नाही, कळायला नकोही. ‘अजून टाका, अजून, आता सारखं झालं’ एवढंच घडायचं आहे.

तिसऱ्या आठवड्यात एक अडचण पेरा. कांद्याची पाटी मुद्दाम रिकामी ठेवा. किंवा पाऊस आला म्हणा आणि जवळ एक जुनी चादर ठेवून द्या. आतापर्यंत क्रम पक्का झालेला असतो, म्हणून तो मोडल्यावर मुलं बोलू लागतात: कुणी म्हणतं ‘उद्या या’, कुणी म्हणतं ‘बटाटे घ्या ना’, कुणी चादर धरून धावतं. पहिल्याच दिवशी हीच अडचण घातली तर मुलं नुसती बघत राहतात.

या सगळ्यात तुमची जागा गिऱ्हाइकाची. बहुतेक वर्गांत हा खेळ बिघडतो तो इथेच. बाई आत येतात आणि विचारतात, ‘हा कुठला रंग? हे काय आहे? किती आहेत?’ विक्रेता झालेलं मूल तत्क्षणी परीक्षार्थी होतं आणि पाटी सोडून उठतं. त्याऐवजी पिशवी घेऊन समोर बसा आणि म्हणा, ‘मावशी, मेथी कशी दिली?’ उत्तर आलं नाही तर थांबा, मनात हळू दहा आकडे मोजा. तरी नाही आलं तर शेजारच्या मुलाला म्हणा, ‘दादा, काल तुम्ही कितीला घेतली होती?’ मूल ‘दहाला’ म्हणेल नाहीतर ‘शंभर’ म्हणेल, दोन्ही चालतं. ‘अगंबाई, फार महाग! थोडी कमी करा की.’ एवढ्यावर घासाघीस सुरू होते आणि बाकीची मुलं ती उचलतात. दोन-तीन मिनिटांत भाजी घेऊन उठा आणि बाजूला व्हा, कारण तुम्ही बसून राहिलात तर सगळे तुमच्याशीच बोलतात, एकमेकांशी नाही.

आजची मुलं आणखी एक गोष्ट करतात. लाकडी ठोकळा कानाजवळ किंवा भिंतीसमोर धरतात आणि म्हणतात, ‘झालं पेमेंट.’ करू द्या, ती जे बघतात तेच खेळतात. फक्त चकत्याही ठेवा, कारण मोबाइलच्या व्यवहारात हातातून काही गेलेलं दिसत नाही आणि देवाणघेवाणीतला ‘देणं’ हा भाग या वयात दिसावा लागतो.

२८ मुलं एकदम कोपऱ्यात गेली तर दोन मिनिटांत भाजी खोलीभर होते. एका वेळी पाच. कोपऱ्याच्या तोंडाशी पाच ओढण्या किंवा टोप्या टांगा: दोन विकणाऱ्यांच्या, तीन गिऱ्हाइकांच्या. टोपी शिल्लक असेल तर आत यायचं. बाकीच्यांना माती, ठोकळे, चित्रं, पुस्तकं यांवर बसवा आणि ती बाजू ताईंकडे द्या. वीस ते पंचवीस मिनिटांनी गट बदला. रोज दोन गट झाले तर आठवड्यात प्रत्येकाला किमान एकदा, काहींना दोनदा मिळतं. सगळ्यांनाच विकायचं असतं, म्हणून अर्ध्या वेळानंतर टोप्यांची अदलाबदल ठरलेली असू द्या आणि ती घंटी वाजवून करा, बाईंच्या हुकमावर नको. आवरणं हा खेळाचाच भाग करा: ‘दुकान बंद करायची वेळ झाली.’ प्रत्येक पाटीवर त्या भाजीचं चित्र चिकटवलेलं असलं की कांदे कांद्यात आणि लिंबं लिंबांत मुलंच लावतात. एखादं मूल दोन-तीन दिवस बाहेरून नुसतं बघत राहील. त्याला आत ढकलू नका, फार तर रिकामी पिशवी त्याच्या हातात द्या.

सहलीला परवानगी नाही, त्याला दोन पर्याय आहेत. शाळेच्या फाटकाशी येणारा हातगाडीवाला दहा मिनिटं थांबेल का, विचारा. पाच-पाच मुलांनी फाटकापर्यंत जाऊन एकेक लिंबू स्वतःच्या हातानं विकत घेतलं तरी खूप झालं. दुसरा पर्याय पालक. खेळ मांडायच्या आठवडाभर आधी निरोप पाठवा: ‘या आठवड्यात भाजीला जाताना मुलाला सोबत न्या. पिशवी त्याच्याकडे द्या. एक भाजी त्याला निवडू द्या. पैसे त्याच्या हातून द्या.’ पंचवटीच्या बाजूचे पालक बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जातात, त्यांना मुलाचा हात सोडू नका एवढं आवर्जून लिहा. अख्खा वर्ग तिकडे नेऊ नका, एवढ्या गर्दीत आणि पाण्याच्या कडेला दोन मोठ्यांना २८ मुलं सांभाळता येत नाहीत.

बस हा खेळ भाजीबाजाराला जोडून घ्या, वेगळा नको. आठ खुर्च्या दोन-दोनच्या चार रांगांत, मध्ये मुलाला चालता येईल एवढी वाट. खुर्च्या चटईवर ठेवा, नुसत्या फरशीवर त्या सरकतात. सिटीलिंकची शहर बस किंवा एसटी सगळ्यांनी पाहिलेली असते आणि प्रत्येकाला ड्रायव्हरच व्हायचं असतं. त्याला उपाय असा: पहिले दोन दिवस बस नाहीच. प्रत्येकाला स्टिअरिंग म्हणून एकेक ताटली द्या आणि प्रत्येक जण आपापली गाडी चालवत खोलीत फिरू दे. ती हौस फिटली की तिसऱ्या दिवशी खुर्च्या मांडा. एसटीतल्या घंटीचा एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हा नियम तसाच वापरा. दोन टोल्यांवर सगळ्यांनी पाय आपटायचे, एका टोल्यावर एकदम स्तब्ध. स्वतःला थांबवता येणं ही या वयातली मोठी कमाई आहे आणि ती या खेळात हसत-खेळत होते. कंडक्टर पुठ्ठ्याची तिकिटं देतो आणि बस थांबते ती वर्गातल्याच ठिकाणी: एक थांबा घराचा कोपरा, एक भाजीबाजार, एक दवाखाना. इथे मुलांना पहिल्यांदा दोन ठिकाणांमधलं अंतर आणि दिशा जाणवते, आणि पुढे दिवाळीनंतरच्या खोक्यांच्या गावाचा पाया इथेच पडतो.

दवाखान्याबद्दल थोडं सावधपणे. मुलं एकमेकांना फक्त इंजेक्शनं देत सुटतात, कारण त्यांच्या लक्षात तेवढंच राहिलेलं असतं. म्हणून दुसरी कामं हाताशी द्या: भिंतीवर उंची मोजायची पट्टी, वजनकाटा, नाव पुकारायला जुन्या कार्डांची चळत, आणि धुतलेल्या जुन्या धोतराच्या पाच सेंटिमीटर रुंद, हातभर लांब पट्ट्या. पट्टी हातापायाला बांधायची, गळ्याला कधीच नाही. सुरुवातीला रुग्ण बाहुलीच असू द्या. घाबरणाऱ्या मुलाला आधी डॉक्टर करा, रुग्ण नको. वापरलेल्या सिरिंज, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या किंवा बाटल्या वर्गात आणू नका. आणि गोळ्या म्हणून लिमलेटच्या गोळ्या, मनुके असं काहीही खायला देऊ नका. ‘औषधाची गोळी गोड असते’ हे मुलानं इथे शिकलं तर आजोबांच्या टेबलावरची खरी गोळीही ते तोंडात टाकेल. औषध द्यायचं तर रिकाम्या चमच्यानं, नुसतं खोटं खोटं.

पोलीस ठाणे आणि बँक नर्सरीत सोडून दिलेलं बरं. मुलाच्या हातून तिथे काहीच होत नाही आणि पोलिसाचं नाव घरी धाक दाखवायला वापरलेलं असतं.

वहीबद्दल पालकांना काय सांगायचं? दर आठवड्याला प्रत्येक मुलाचं एक वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारखेसह: ‘कांदे संपले, उद्या या.’ २८ वाक्यं म्हणजे रोज सहा, एवढं जमतं. पहिल्या आठवड्यातलं ‘हे घे’ आणि तिसऱ्या आठवड्यातलं ‘ताई, सुट्टे नाहीत, एक लिंबू घ्या’ पालकांसमोर शेजारीशेजारी ठेवा, मग फार समजावत बसावं लागत नाही. तरीही कुणी अडून बसलं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम सांगा. त्यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेलं आणि पुढे कोसबाडला नेलेलं बालशिक्षण आजूबाजूच्या शिंपल्या, दगड, पानाफुलांवरच उभं होतं.

पोस्ट ऑफिस वर्षाच्या उत्तरार्धात घ्या आणि तेव्हा खरंखुरंच करा. ५० पैशांचं पोस्टकार्ड, २८ मुलांचे चौदा रुपये. मुलानं चित्र काढायचं, पत्ता पालकांकडून आधीच लिहून घ्यायचा, पिनकोडचे सहाही आकडे तपासायचे, आणि कार्ड मुलानं स्वतः लाल पेटीत टाकायचं. पेटीचं तोंड उंच असतं, म्हणून पक्कं स्टूल आणि धरायला एक मोठं माणूस हवं. पत्र घरी पोचायला काही दिवस लागतात आणि तोवर मूल विसरतं. टाकतानाचा फोटो वर्गात मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा आणि रोज विचारा, ‘आज कुणाकडे आलं?’ पोस्टाची तिकिटं नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात. वर्गात तिथल्या कुणाचं मूल असेल तर त्या पालकांना एक दिवस बोलवा आणि वेगवेगळी तिकिटं भिंगातून मुलांना बघू द्या.